गाडी खाली आली आणि गेलीच नाही

आठ सप्टेंबर, सोमवार, सकाळी अकरा. हजर: साहेब, मंदार, सुप्रिया, मी आणि काका. गैरहजर: कोणी नाही. विषय: लालबागचा पार्किंग टॉवर.

त्या बैठकीची टिपणं माझ्याकडे आहेत, त्यातूनच हे उतरवून घेतलं. टिपणं मीच ठेवते, कारण आमच्याकडे दुसऱ्या कोणी ठेवली तर कोण काय बोललं ते सगळं असतं आणि काय ठरलं तेवढं नसतं.

हजर मंडळींची ओळख करून देते. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. मंदार म्हणजे ज्याचं सॉफ्टवेअर टॉवर चालवतं तो. दादरचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. सुप्रिया माझ्या टेस्टिंगच्या टीममधली, लालबागमध्येच वाढलेली, घरी मालवणी बोलणारी. मी टेस्टिंगची प्रमुख. आणि काका. काकांना नाव होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीबाहेर कोणी वापरल्याचं मला आठवत नाही.

आमचं ऑफिस परळला, जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत. गाड्या ठेवायचे जे उंच लोखंडी टॉवर हल्ली नव्या इमारतींच्या शेजारी उभे असतात, त्यांचं डोकं आम्ही बनवतो. तुम्ही गाडी तळाच्या खोलीत उभी करायची, बाहेर यायचं, कार्ड लावायचं. दार बंद होतं, लिफ्ट गाडीला उचलून वर एखाद्या रिकाम्या कप्प्यात ठेवून येते. पुन्हा कार्ड लावलं की तीच गाडी खाली. कुठली गाडी कुठल्या कप्प्यात आहे हे फक्त सॉफ्टवेअरला माहीत असतं. ते चुकलं की संपलं.

त्या दिवशी साहेबांनी विचारलं, “दसऱ्याला सकाळी टॉवर सोसायटीच्या ताब्यात द्यायचाय. ताई, तुमची यादी?”

“दोनदा फिरवून झाली,” मी म्हटलं. “सगळं पास.”

“आणि काका, तुमचे गोल?”

काका खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होते. “फिरतायत.”

“होळीपासून फिरतायत. हे बघा, स्पष्ट बोलतो. यादीला न सापडलेली एक तरी खरी चूक दसऱ्याच्या आत तुमच्या गोलांनी शोधली, तर तुमचं कंत्राट वाढवतो आणि यापुढचे सगळे टॉवर तुमच्या पद्धतीने तपासू. नाही सापडली, तर ताईंची यादी आहेच. मग तुम्हाला नारळ.”

“चालेल,” काका म्हणाले. “पण चूक सापडली तर आनंद झाल्यासारखा चेहरा करायचा, साहेब. मागच्या वेळी तुम्ही केला नव्हता.”

मंदार चहात हसला आणि त्याला ठसका लागला.

काका साठीच्या आसपासचे. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात खडू. खडू कशाला, तर कुठेही गोल काढता यावा म्हणून. गिरगावात एका चाळीत दोन खोल्यांत एकटेच राहायचे. रोज परळला यायचे, पण रोज वेगळ्या वाटेने. कधी चालत, कधी बसने अर्धं आणि मग चालत, कधी भायखळ्याच्या भाजीबाजारातून कोथिंबिरीची जुडी घेऊन. एकदा चांगले जेवणाच्या वेळेला उगवले. मी म्हटलं, “काका, ही काय वेळ झाली?”

“ग्रँट रोडच्या मागचा एक बोळ राहिला होता हो.”

“मग?”

“बंद निघाला! पुढे भिंत!” लॉटरी लागल्यासारखा चेहरा. “इतकी वर्षं मला वाटत होतं तो आरपार आहे.”

गिरगावातून परळला यायच्या जेवढ्या म्हणून वाटा आहेत, तेवढ्या सगळ्या एकदा तरी चालून झाल्या पाहिजेत, हा त्यांचा नेम. हॉटेलातही तेच. खालच्या उडप्याकडे ते बिल आल्यावर चहा मागवत. चहा आल्यावर टेबल बदलत. एकदा टेबल बदललं आणि त्या चहाचं बिल कुणाच्याच नावावर लागलं नाही. काकांनी गल्ल्यावर जाऊन मालकाला सगळं समजावून सांगितलं, कागदी रुमालावर गोल काढून. मालक ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “चाय अपने तरफ से, काका. बस, कल से उधर कोनेवाला टेबल.” काका बाहेर येऊन म्हणाले, “फुकट चहाचा बाण माझ्या नकाशात नव्हता.”

गोल आणि बाण, हे आता सांगायला हवं, नाहीतर माणूस कळायचा नाही.

माझी पद्धत यादीची. कार्ड लाव, दार बंद व्हायला हवं, झालं, बरोबरची खूण. पुढची ओळ. माझी टॉवरची यादी चांगली होती, आजही म्हणते. एकेका ओळीला क्रमांक, अपेक्षित निकाल, कोणी तपासलं, कधी. माणसं बसून ती ओळीओळीने टॉवरवर करून बघायची.

काका यादी करत नसत. ते आधी टॉवर कुठकुठल्या अवस्थेत असू शकतो ते गोलांनी दाखवत. खोली रिकामी, हा एक गोल. गाडी खोलीत, दार उघडं, हा दुसरा. दार बंद, गाडी वर चाललीय, हा तिसरा. मग एका गोलातून दुसऱ्यात काय केलं की जाता येतं त्याचे बाण. कार्ड लावलं. रद्दचं बटण दाबलं. वीज गेली. असा टॉवरचा नकाशा झाला, त्याला आमच्या धंद्यात मॉडेल म्हणतात. यानंतर माणसाचं काम संपलं. काकांचा प्रोग्राम तो नकाशा वाचायचा आणि स्वतःच वाटा काढत सुटायचा. या गोलातून त्या बाणाने पुढे, तिथून आणखी पुढे, मागे, पुन्हा पुढे. टेबलावर टॉवरचा खरा कंट्रोलर, म्हणजे त्याचं डोकं, ठेवलेला आणि त्याला जोडलेला लोखंडाऐवजी संगणकातला खोटा टॉवर. प्रत्येक पावलाला प्रोग्राम कंट्रोलरला विचारायचा, तू आता कुठे आहेस? उत्तर नकाशाशी जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर तिथेच थांबून लाल दिवा.

“टेस्ट मी लिहीतच नाही,” काका सांगायचे. “मी गाव दाखवतो. भटकायचं काम त्याचं.”

स्क्रीनशी बोलताना ते कंट्रोलरला बाळ म्हणत. “कुठे आहेस बाळा आता? वर? बरं. उतर.” त्यांच्या टेबलावर कॅरमबोर्ड होता, खेळायला नाही. पांढऱ्या सोंगट्या म्हणजे नीट चाललेल्या अवस्था, काळ्या म्हणजे बिघाडाच्या, आणि राणी म्हणजे टॉवर आत्ता आहे तिथे. कोणी येऊन काही विचारलं की राणी सरकवत सरकवत उत्तर द्यायचे. स्ट्रायकर मंदारने लपवून ठेवला होता, नाहीतर ऑफिसची मुलं खरंच खेळायला बसली असती.

मला ते यादीबाई म्हणत. तोंडावर. “यादीबाई, तुमच्या यादीत माणूस फार शहाणा आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ जातो.” मी म्हणायची, “आणि तुमचा माणूस दारू प्यायलेला.” “अगदी बरोबर! दारू प्यायलेला, पण रस्ता न विसरणारा!”

मी या गोलांकडे वळले ती जुलैत. बिल्डरने एक बदल पाठवला: कार्ड लावल्यावर दार लगेच बंद करू नका, माणूस बाहेर येऊन हिरवं बटण दाबेल, मग करा. एवढंच. माझ्या यादीत दार बंद होण्याचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक ओळीत. मी आणि सुप्रिया ओळी दुरुस्त करायला बसलो त्या दिवसचे दिवस बसलो. काकांनी एक बाण पुसला, मधे एक गोल घातला, दोन बाण काढले, आणि खाली चहाला गेले. परत आले तोवर यंत्राने सगळ्या वाटा नव्याने आखून अर्ध्या चालूनही झाल्या होत्या. मी खुर्ची ओढून त्यांच्या स्क्रीनसमोर बसले ती उठलेच नाही. माझ्या यादीला कधीच सुचल्या नसत्या अशा वाटा! कार्ड लावलं, रद्द केलं, वीज गेली, आली, दुसऱ्याने कार्ड लावलं, त्यानेही रद्द केलं. आणि बाळ न चुकता प्रत्येक वेळी सांगतंय, मी इथे आहे.

“काका, हे भारी आहे हो.”

“मग? चार महिने कशाला फिरतोय मी बोळाबोळांतून?”

पण साहेबांना भारी नको होतं, चूक हवी होती. आणि लाल दिवा लागत नव्हता असं नाही. लागायचा. ऑगस्टमध्ये एकदा लागला तेव्हा काका पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि टेबलाटेबलावर वाटत सुटले. “सापडली! चूक सापडली!”

मंदार धावत आला. “कुठेय? दाखवा.”

“माझीच आहे. बाण उलटा काढला होता.”

“मग पेढे कसले?”

“नकाशा आणि गाव जुळत नव्हतं. आता जुळतं. खा.”

मंदारने पेढा खाल्ला, पण साहेबांना जाऊन सांगितलं की काकांचं यंत्र मुख्यतः काकांच्याच चुका शोधतं. हे अगदी खोटं नव्हतं. लाल दिवा लागला की कोण चुकलं, टॉवर की नकाशा, हे आधी ठरवावं लागतं. काकांना दोन्हींचा सारखाच आनंद व्हायचा. कंत्राट वाढायचं तर मात्र टॉवरचीच चूक हवी होती, आणि ती मिळत नव्हती. आठ सप्टेंबरच्या बैठकीमागे हा सगळा इतिहास होता.

बैठकीनंतर काकांनी नकाशात नवे बाण घालायचा सपाटा लावला. एकच प्रश्न ते प्रत्येक गोलापाशी उभे राहून विचारत: इथून आणखी कुठे जाता येईल? दिसेल त्यालाही विचारत. लिफ्टमध्ये कुरिअरवाल्याला विचारलं, “तुम्ही गाडी आत ठेवली, दार बंद होतंय, तर तुम्ही काय काय कराल?” तो म्हणाला, “मेरे पास सायकल है, अंकल.”

घटस्थापनेच्या आसपासची गोष्ट. आम्ही जेवून वर आलो तर काकांच्या स्क्रीनवर लाल. काका उभे, दोन्ही हात कमरेवर, तोंडाने शीळ. शीळ ते वाजवत नसत. सुप्रियाने डबा तसाच टेबलावर टाकला. “काका, तुमची की त्याची?”

“त्याची.” मग हळू आवाजात, “मी तीनदा पाहिलं.”

वाट अशी होती. कार्ड लावून गाडी खाली बोलावली. गाडी तळाच्या खोलीत आली, दार उघडलं. इथपर्यंत माझीही यादी. माझ्या यादीत पुढची ओळ असते, गाडी बाहेर गेली. काकांच्या यंत्राने गाडी बाहेर नेलीच नाही. तिथल्या तिथे पुन्हा कार्ड लावलं आणि परत वर पाठवली. टॉवरने ती मुकाट्याने नव्या कप्प्यात ठेवली. कार्डाच्या नावावर मात्र जुनाच कप्पा राहिला, कारण तो पुसायचं काम मंदारने बाहेरच्या सेन्सरवर सोपवलं होतं. गाडी बाहेर गेली की पुसतो. गाडी गेलीच नाही. तेवढ्यात दुसऱ्या कोणाची गाडी त्या जुन्या कप्प्यात. मग पहिल्याने कार्ड लावलं की खाली येते ती दुसऱ्याची गाडी.

आम्ही ते पुन्हा चालवलं. पुन्हा तसंच. आम्हीच दिलेल्या खोट्या नावांत सांगायचं तर, सावंतांच्या कार्डावर परबांची गाडी. सुप्रियाने टाळीच वाजवली.

मंदारने बघितलं, कपाळाला हात लावला, मग लगेच काढला. “पण असं कोण करतं, काका? गाडी खाली बोलवायची आणि न नेताच परत वर पाठवायची? वेड लागलंय का कोणाला?”

साहेब आले. त्यांनीही तेच विचारलं. “गाडी बोलावतो तो न्यायलाच ना? मी खरी चूक म्हणालो होतो. कोणी कधी करणारच नाही ती चूक खरी कशी? आणि आता हस्तांतराच्या तोंडावर सॉफ्टवेअरला हात लावायचा?”

काकांनी खिशातून खडू काढला आणि हातातच धरून ठेवला. ही त्यांची पंचाईत मला तेव्हा कळली. नकाशात बाण होता कारण तिथे कार्ड लावता येत होतं. पण कोणी का लावील, हे त्यांनाही सांगता येईना. सगळं कंत्राट आता त्या एका ‘का’वर लटकलेलं.

“साहेब,” सुप्रिया म्हणाली.

“बोल.”

“दसऱ्याला सगळेच करतील.”

“काय?”

“गाडीची पूजा. गाडी खाली बोलावणार, हार घालणार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, नारळ. आणि मग परत वर. त्या दिवशी गाडी घेऊन जायचं कुठे? घरी गोडाधोडाचं असतं.”

मग साहेब म्हणाले, “अगं, पूजा करायला गाडी बाहेर काढतील. रस्त्यावर. बाहेर गेली की सेन्सरने पाहिलं, मिटलं.”

“विचारून येतो,” काका म्हणाले आणि खडू खिशात टाकून निघालेसुद्धा. मी पर्स उचलली. सुप्रिया पुढे, कारण घर तिचंच होतं.

सोसायटी म्हणजे सुप्रियाच्या आईवडलांची जुनी चाळ पाडून बांधलेली इमारत. माणसं तीच, फक्त एकावर एक रचलेली. टॉवर शेजारी, अजून प्लास्टिकच्या पडद्यात. सुप्रियाच्या आई खालीच शेजारणींबरोबर बाकावर बसल्या होत्या. सुप्रियाने ओळख करून दिली. काकांनी हात जोडले आणि सरळ मुद्द्यावर आले. “वहिनी, दसऱ्याला गाडीची पूजा कुठे करणार?”

“खंय म्हंजे?” त्यांनी टॉवरकडे हात केला. “हयच. त्या खोलयेत.”

“बाहेर रस्त्यावर नाही?”

“रस्त्यार? दसऱ्याक आमच्या गल्लीत सायकल लावूक जागा गावना नाय. आणि ऊन केदां!” शेजारणीने मान डोलावली आणि आणखी एक बाण घातला: गाड्या आदल्या रात्रीच वर चढवून ठेवायच्या, सकाळी आधी टॉवरची पूजा, दाराला तोरण, मग एकेकाने कार्ड लावून आपापली गाडी खाली बोलवायची, पूजा झाली की वर. क्रम ठरलासुद्धा होता. मजल्यांप्रमाणे.

“परत एकदा सांगा, वहिनी,” काका म्हणाले.

“कित्याक? ऐकाक कमी येता काय तुमका?”

“नाही हो. फार गोड वाटलं ऐकायला.”

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. “साहेब, खरी आहे.”

“किती जण करतील असं?”

“सगळे. एकामागून एक. मजल्यांप्रमाणे.”

एकामागून एक, म्हणजे प्रत्येकाच्या जुन्या कप्प्यात पुढच्याची गाडी. हस्तांतराच्या सकाळी सगळ्या इमारतीच्या गाड्यांची अदलाबदल, गळ्यात हार घालून. मला वाटतं साहेबांना ते तेव्हा डोळ्यांसमोर दिसलं.

ऑफिसात परत आलो तेव्हा साहेबांनी काकांकडे बघून आनंद झाल्यासारखा चेहरा केला. जमला नाही, पण केला. म्हणाले, “चूक खरी. मान्य. पण दसरा नीट पार पडू दे, मग कंत्राटावर सही.”

पुढचे दिवस माझ्या नोकरीतले सर्वांत मजेचे. मंदार दुरुस्ती करायचा, काका यंत्र सोडायचे, आम्ही सगळे मागे उभे. पहिली दुरुस्ती: गाडी बाहेर गेल्याशिवाय कार्ड घ्यायचंच नाही. मंदार खूश. यंत्र गेलं, भटकलं, आणि लाल. गाडी खोलीत अडकलेली, कार्ड घेत नाही, मागे रांग. “पूजेच्या वेळी?” सुप्रियाने विचारलं. “हाणतील.”

“काका, तुमचं बाळ दमत नाही का हो?” मंदार वैतागून म्हणाला.

“बाळ तुझं आहे. मी फक्त फिरायला नेतो.”

दुसऱ्या दुरुस्तीत गाडी पुन्हा वर जाताना कार्डाच्या नावावरचा जुना कप्पा आधी पुसला जाऊ लागला. तिची एक वाट फसली, तीही मंदारने बुजवली. मग यंत्र सुटलं आणि चालतच राहिलं. हिरवं, हिरवं, हिरवं. मंदार खुर्ची उलटी करून त्यावर बसला होता आणि चक्क पुटपुटत होता, “उतर बाळा.” पूर्वी माझ्या टीमने अशी फेरी करायची म्हटली असती तर दसरा सोडा, पुढची होळी उजाडली असती. मी माझी यादी बाजूला ठेवली. फाडली नाही, मी काही फाडत नाही.

दसऱ्याला आम्ही सगळे लालबागला. टॉवरच्या दाराला झेंडूचं तोरण, खोलीत रांगोळी, तीही नेमकी सेन्सरच्या वाटेत. काकांनी ती प्रेमाने दोन हात सरकवायला लावली. पहिल्या मजल्याचं पहिलं कार्ड लागलं. गाडी खाली आली, हार, कुंकू, लिंबू, नारळ, टाळ्या, गाडी वर. दुसरी. तिसरी. काका मोजत नव्हते, नुसते ओठ हलत होते. थोडी रांग सरल्यावर साहेबांनी हळूच पहिल्या घरवाल्यांना कार्ड पुन्हा लावायला सांगितलं. गाडी खाली आली. त्यांचीच. त्यांच्याच हाराची. मंदारने काकांना मिठी मारली. साहेबांनी कंत्राटाचा कागद खिशातून काढला, पेन शोधायला लागले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या एका नव्या गाडीची पूजा झाली. सगळे बाहेर आले, मुलाने कार्ड लावलं, हिरवं बटण दाबलं. दार खाली यायला लागलं. त्याची आई इकडेतिकडे बघत म्हणाली, “आजोबा कुठे गेले?”

वॉचमनने लाल बटणावर थाप मारली. दार अर्ध्यात थांबलं, वर गेलं. आजोबा मागच्या सीटवर बसले होते, हातात प्रसादाची वाटी. नातवाची गाडी कशी लागते ते बसून बघत होते. दार उघडल्यावर म्हणाले, “अरे, एसी का बंद केलास?”

गर्दी हसली. आम्ही पाचजण हसलो नाही. मी कंट्रोलरच्या पडद्याकडे बघितलं. सगळं हिरवं. टॉवरच्या मते सगळं ठीक होतं. काकांच्या नकाशाच्या मतेही. जाग्यावर उभी गाडी, दार बंद, वर न्या.

साहेब काकांना बाजूला घेऊन गेले. मी गेले, कारण टिपणं मी ठेवते.

“काका, हे तुमच्या गोलांनी का नाही पकडलं?”

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. “गोल मी काढले साहेब. माझ्याकडे गाडी नाही. मागच्या सीटवर बसून राहावंसं वाटतं, हे मला माहीतच नव्हतं.”

साहेबांच्या हातात कागद होता आणि आता पेनही सापडलं होतं. काका म्हणाले, “सही नाही केलीत तरी चालेल. पण हा गोल घातल्याशिवाय टॉवर चालवू नका. तोवर प्रत्येक गाडीचं दार उघडून बघायला माणूस ठेवा.”

“माणूस आजपासून,” साहेब म्हणाले. “आणि गोल कोण घालणार? मी?” त्यांनी कागद मंदारच्या पाठीवर ठेवून सही केली. काकांचा रंग परत आला, आणि पुढच्याच क्षणाला त्यांनी खडू काढून टॉवरच्या नव्या कोऱ्या भिंतीवर गोल काढला. सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले. काकांनी त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि विचारलं, “तुम्ही कधी गाडीत बसून राहता का हो?”

काका वर्षभर आणखी राहिले. सुप्रियाला आणि मला गोल काढायला शिकवलं; आमचे नकाशे तपासताना पेढे वाटायचं बंद केलं, कारण परवडेना. मग भायखळ्याच्या एका कंपनीत गेले, दवाखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या. “तिथे अजून कोणी एक गोल काढलेला नाही,” डोळे चमकवत म्हणाले. निरोपसमारंभाला वेगळ्याच वाटेने आले, म्हणून उशिरा.

लालबागला वॉचमन अजूनही प्रत्येक गाडीचं दार उघडून बघतो. ती सोय झाली, उत्तर नाही झालं. मंदार म्हणतो गाडीचं वजन घेऊ. पण गावाहून आलेलं तांदळाचं पोतं आणि मागे बसलेली आजी यांत वजनाला फरक कळत नाही, आणि पोतं काढायला लावलं तर आजी भांडेल. सुप्रिया म्हणते कॅमेरा. मग आरशावर लटकलेल्या देवालाही तो माणूस समजतो.

दादरच्या नव्या टॉवरचा नकाशा मी स्वतः काढला आहे. यंत्र आम्ही जेवायला जाताना सुटतं आणि परत येईतो सगळा टॉवर भटकून आलेलं असतं. फक्त एका ठिकाणी ते जाऊन उभं राहतं. गाडीत माणूस आहे आणि हिरवं बटण दाबलं गेलंय, असा तो गोल. त्यात जाणारे बाण तीन आहेत. बाहेर पडणारा एकही नाही. तिथून बाण कुठे न्यायचा, हे ठरवायचं काम माझ्याकडे आहे, आणि ते बाकी आहे.